पंचविसावा चिंचोका

“सर, त्या दिवशी घंटा तुम्ही चुकून वाजवलीत की मुद्दाम?”

नलवडे सर अंगणात पोतं अंथरून शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी घेतलंस?”

“सर, मी काहीतरी विचारतोय.”

“मी पण विचारतोय की.”

हिंदुराव रेडेकरनं पाणी घेतलं नाही. दुपारी तीनच्या उन्हात, जेवण न करता, चाळीस किलोमीटर मोटारसायकल मारत तो आला होता. शर्टाची पाठ ओली झाली होती. हातातल्या फोनकडे तो दर अर्ध्या मिनिटाला बघत होता आणि फोन गप्प होता.

दोघांची ओळख करून देतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आबासाहेब नलवडे हे कॉलेजचे जुने फिजिकल डायरेक्टर. एकतीस वर्षं त्यांनी पोरं पळवली. पावसाळा सरला की क्रॉस कंट्रीसाठी डोंगर, मग ट्रॅकवर फक्कीच्या रेघा. हातात एक स्टॉपवॉच असायचं, तेही बऱ्याचदा बंद. निवृत्त होऊन आजऱ्याजवळ आपल्या गावी येऊन राहिले, त्याला अठरा वर्षं झाली. वय अठ्ठ्याहत्तर आणि दोन्ही गुडघे गेलेले. गुडघे पोरांनी खाल्ले, असं त्यांची बायको म्हणते.

हिंदुराव हा त्यांचा सगळ्यांत गाजलेला खेळाडू आणि आता त्यांच्याच खुर्चीवर बसलेला डायरेक्टर. अठरा वर्षांत त्यानं विद्यापीठाच्या संघाला चौदा खेळाडू दिले. हे तो स्वतःच सांगतो, विचारायची गरज पडत नाही. त्याच्या मनगटावरच्या घड्याळात मैदानावर पळणाऱ्या पोराच्या काळजाचे ठोके दिसतात. सरांच्या बंद स्टॉपवॉचची तो पोरांसमोर थट्टा करायचा. प्रेमानंच करायचा, पण करायचा.

आता राहिली ती घंटा.

सव्वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या स्पर्धा याच कॉलेजच्या मैदानावर झाल्या. दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकचे पंचवीस राउंड. चोवीस पूर्ण झाले की घंटा वाजते आणि पळणाऱ्याला कळतं, हा शेवटचा, आता अंगात असेल ते सगळं काढायचं. राउंड मोजायला यजमान कॉलेजचे म्हणून नलवडे सर उभे होते. त्यांनी तेवीस झाल्यावरच घंटा वाजवली.

हिंदुराव सगळ्यांच्या पुढं होता. त्यानं होतं नव्हतं ते काढलं, रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर कोसळला.

तेवढ्यात सर ओरडत धावत आले. “ऊठ! चोवीसच झालेत! एक राहिलाय!”

सरांचा ओरडा ऐकून मागचे दोघं न थांबता त्याला ओलांडून गेले होते. तो उठला. कसा उठला, हे त्याला आजवर सांगता आलेलं नाही. शेवटच्या वळणावर त्यानं दोघांना गाठलं आणि वीतभर अंतरानं जिंकला.

पंचांनी कागदावर ‘मोजणीतली चूक’ असं लिहून विषय संपवला. पोरांनी मात्र डोळे मिचकावले. चूक कसली? आदल्याच दिवशी सर सगळ्यांदेखत त्याला म्हणाले होते, “तू दमतोस लवकर, पण संपत न्हाईस.” त्यांनी ते करून दाखवलं! पुढं सत्कारात कुणीतरी सरांना विचारलंच, मुद्दाम वाजवलीत ना? सर नुसते हसले.

त्या हसण्यावर हिंदुरावचं सगळं आयुष्य उभं राहिलं. नोकरीच्या मुलाखतीत त्यानं हीच गोष्ट सांगितली. दर जूनला नव्या पोरांना पहिल्या दिवशी हीच गोष्ट. जिमखान्याच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत त्यानं रंगवून घेतलं: ‘एक राउंड राहिलाय’.

कालपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

“काय झालंय?” सरांनी विचारलं.

“आधी तुम्ही सांगा.”

सरांनी आणखी एक शेंग उचलली.

“सर, मला कळायला पाहिजे. आत्ता.”

सरांनी हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला.

“खिडकीत पत्र्याचा डबा हाय. आण.”

त्यानं डबा आणला. आत चिंचोके होते. हाताळून हाताळून काळे आणि गुळगुळीत झालेले.

हिंदुरावनं ते लगेच ओळखले. सरांची मोजणी चिंचोक्यांवर चालायची. उजव्या खिशात पंचवीस चिंचोके घ्यायचे. एक राउंड झाला की एक चिंचोका डाव्या खिशात. उजव्यात एकच उरला की घंटा. कागद उडतो, पेन अडतं, कुणी हाक मारली की आकडा डोक्यातून जातो, म्हणून हे बरं, असं ते म्हणायचे. इतर कॉलेजांचे कोच हसायचे. सर त्यांना खिसे उलटे करून दाखवायचे.

“मोज.”

“सर, ही काय वेळ हाय का...”

हिंदुराव एरवी प्राध्यापकाच्या भाषेत बोलतो. घाबरला की गावाकडचा होतो.

“मोज.”

तो उकिडवा बसला आणि मोजू लागला. अकरापर्यंत आला आणि फोन थरथरला. त्यानं इतकी झडप घातली की चिंचोके पोतंभर विखुरले. फोनवर कुठलीशी जाहिरात होती.

“कुणाचा यायचाय?”

“कुणाचा नाही.”

“हिंदुराव...”

“दवाखान्यातनं.”

सरांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“तेजल गुरव म्हणून पोरगी आहे माझ्याकडं. सेकंड इयरला. दहा हजार मीटर पळते. अठरा वर्षांत अशी पोरगी मिळाली नव्हती मला, सर. पुढच्या महिन्यात विद्यापीठाची स्पर्धा आहे. पण शेवटाला ती हात राखते, घाबरते. म्हणून काल ट्रायल घेतली.”

“किती वाजता?”

“साडेदहाला.”

“ऑक्टोबरात?”

“उन्हाची सवय व्हावी म्हणून...”

“बरं.”

“मी एक राउंड आधी घंटा वाजवली.”

अंगणात एक कोंबडी टरफलं उकरत होती. सरांनी तिला हाकललं नाही.

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“मग?”

“जीव तोडून पळाली. रेघेवर येऊन पडली. मी ओरडलो, तुम्ही ओरडला होता तसाच. त्याच शब्दांत. ती उठली, सर! ट्रॅकच्या पलीकडच्या अंगापर्यंत गेली आणि तिथंच आडवी झाली. हात लावला तर अंग भाजत होतं.”

“हे घड्याळ काय सांगत होतं?”

हिंदुरावनं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं.

“छातीला पट्टा होता तिच्या. ठोके दिसत होते. दोनशेच्या वर गेले होते.”

“बघितलंस?”

“बघितलं.”

“तरी घंटा वाजवलीस.”

“तुम्ही माझी नाडी बघितली नव्हती, सर. मला वाटलं, इथंच कोच कच्चा पडतो. इथं घाबरायचं नसतं.”

ताप एकशे सहावर गेला होता. पोरगी पहाटे शुद्धीवर आली. पण किडनीनं काम थांबवलं होतं. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर ठीक, नाही तर कोल्हापूरला हलवायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. हिंदुराव ज्या फोनची वाट बघत होता, तो हाच.

“या आधी कुणाला केलंस असं?”

“तिघांना. तिघंही उठून पळाली.”

“म्हणून चौथीला.”

“म्हणून विचारतोय, सर. तुम्ही मुद्दाम वाजवली असेल, तर मी तुमचंच शिकलो. काल माझं नशीब वाईट होतं, एवढंच. पण ती चूक असेल, तर मग मी अठरा वर्षं...”

“मोज,” सर म्हणाले. “पहिल्यापासनं.”

या वेळी त्यानं पाच-पाचचे ढीग केले. चार ढीग पुरे झाले, पाचव्यात चारच आले. त्यानं डबा उलटा केला, पोत्याची कड उचलून खाली पाहिलं, कोंबडीकडेही संशयानं पाहिलं.

“चोवीस. एक कमी हाय.”

“व्हय.”

सरांनी चष्म्याची डबी उघडली. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. डबीच्या तळाशी, चष्मा पुसायच्या फडक्याखाली, पंचविसावा चिंचोका होता. त्यांनी तो पोत्यावर ठेवला. बाकीचे काळे पडले होते, हा अजून तपकिरी होता. सव्वीस वर्षांत तो एकदाही या खिशातून त्या खिशात गेला नव्हता.

“खिशाचं अस्तर उसवलं होतं. हा दोन कापडांच्या मधी जाऊन बसला. मला उजव्या खिशात एकच लागला, मी घंटा वाजवली. दुसऱ्या दिवशी हिनं पॅन्ट धुवायला घेतली, तवा सापडला. पुढं चोवीसांवरच मोजलं, खिसा रिकामा झाला की घंटा.”

हिंदुराव चिंचोक्याकडे बघत होता.

“म्हणजे... चूक?”

“चूक.”

“आणि मला ऊठ म्हणून ओरडलात, ते?”

“घाबरलो होतो. माझ्या चुकीनं पोरगं हरतंय म्हणून.”

हिंदुराव ताडकन उठला.

“मग सांगितलं का नाही? सत्कारात विचारलं त्यांनी, तर नुसतं हसलात! नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदा तुमच्या पाया पडायला आलो, तेव्हा सांगायचं. भिंतीवर रंगवलं तेव्हा तुमच्याच हातानं नारळ फोडून घेतला मी! तेव्हा तरी सांगायचं!”

आजवर तो गुरूसमोर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यात चुकीचं असं काहीच नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“तू जिंकला होतास,” ते म्हणाले. “जिंकल्यावर कशाला सांगायचं, असं वाटलं. आज सांगू, उद्या सांगू. मग लोक पाया पडायला लागले. एकदा पुढं केलेले पाय मागं घेववत न्हाईत रे.”

“म्हणजे ती पोरगी तुमच्यामुळं...”

“माझ्यामुळं पण.” सरांनी त्याच्याकडे पाहिलं. “घंटा तू वाजवलीस.”

हिंदुराव हळूहळू खाली बसला. राग आला तसा निघून गेला आणि त्याच्या जागी पुन्हा धास्ती येऊन बसली. त्यानं फोन पाहिला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“शुद्धीवर आली तवा काय म्हणाली?”

हा प्रश्न त्याला नको होता. चाळीस किलोमीटर तो याच प्रश्नापासून लांब पळत आला होता.

“म्हणाली... ‘सर, घंटा वाजलीच नव्हती ना? मला भास झाला. मी आधीच थांबले. सॉरी, सर.’”

“तू काय म्हणालास?”

हिंदुरावनं फोनवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

“हिंदुराव, तू काय म्हणालास?”

“डोक्यावर हात ठेवला तिच्या. म्हणालो, असू दे.”

सरांनी डोळे मिटले.

“तिचे वडील दारात उभे होते. माझे दोन्ही हात धरले त्यांनी. म्हणाले, तुम्ही वेळेवर आणलं म्हणून पोरगी दिसली. मी म्हणालो, उन्हामुळं झालं.”

त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि लाजेहून जास्त भीती. पोरीचं काय होईल, ही भीती खरी होती. लोकांना कळलं तर आपलं काय होईल, हीसुद्धा तितकीच खरी होती. यातली कुठली भीती कुठली, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

फोन वाजला.

या वेळी नाव दिसत होतं. गुरव, तेजलचे वडील. हिंदुरावचा अंगठा बटणावर नीट पडेना.

“उचल,” सर म्हणाले.

“हॅलो... हां, बोला... कधी?... डॉक्टर काय म्हणाले?... नक्की ना?... बरं. बरं बरं. हां.”

त्यानं फोन खाली ठेवला आणि तो ढसाढसा रडला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, चौदा खेळाडू विद्यापीठाच्या संघाला देणारा, टरफलांत बसून रडत होता. सरांनी त्याला रडू दिलं.

“लघवी झाली तिला. धोका टळला म्हणतात. कोल्हापूरला न्यायला नको. चहा मागितला तिनं, सर.”

सरांनी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही.

मग हिंदुरावनं पहिल्यांदा तांब्याला हात लावला. घटाघटा पाणी प्यायला. तोंड पुसलं, केस सारखे केले, खोल श्वास घेतला. आणि त्याची भाषा पुन्हा प्राध्यापकाची झाली.

“सर, मी काय म्हणतो... आता ती बरी होतेय. अशा वेळी हे सगळं काढून तिच्या मनावर ताण कशाला द्यायचा? ती बरी होऊ दे, घरी जाऊ दे. योग्य वेळ बघून मी स्वतः तिला सांगेन. अशी घंटा पुन्हा वाजवणार नाही, हा शब्द देतो तुम्हाला. भिंतीवरचंही पुसून घेतो.”

बोलता बोलता तो चिंचोके गोळा करून डब्यात भरत होता. तपकिरी चिंचोकाही त्यानं बाकीच्यांत टाकला, झाकण दाबून बसवलं आणि डबा सरांपुढं धरला.

सरांनी डबा घेतला नाही. त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि भिंतीला धरून उठले, आधी एक गुडघा, मग दुसरा. खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली, पायात वहाणा सरकवल्या. अंगण ओलांडून मोटारसायकलपाशी गेले. पाय पलीकडं टाकायला दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा ते मागच्या सीटवर बसले.

“सर! कुठं निघालात?”

“दवाखान्यात. आधी माझं सांगतो तिला. मग तू सांग.”

“आज? आत्ता कुठं ती...”

“चहा मागतीय न्हवं?”

हिंदुराव डबा छातीशी धरून अंगणात उभा राहिला.

“माझी नोकरी जाईल, सर.”

“जाईल.”

“तुमचं पण नाव जाईल. एकतीस वर्षांचं.”

“जाईल की.”

“सर, चार दिवसांनी जाऊ. तिला घरी तरी सोडू देत. मी स्वतः येतो तुम्हाला न्यायला. शप्पत.”

“मी पण असंच म्हणलो होतो.”

हिंदुराव मोटारसायकलपर्यंत आला. किल्ली त्याच्या हातात होती. त्यानं ती लावली, पण फिरवली नाही. त्याला वाटलं, सर अजून काहीतरी बोलतील, रागावतील, समजूत घालतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

सरांनी त्याच्या काखेतला डबा ओढून घेतला. झाकण उघडून बोटांनी चाचपडत तो तपकिरी चिंचोका शोधून काढला आणि मागून हात घालून हिंदुरावच्या शर्टाच्या खिशात, फोनच्या शेजारी टाकला.

“चोवीसच झालेत,” ते म्हणाले. “एक राहिलाय.”